जिथे गरज, तिथे बारीक जाळी

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहराजवळ गान्सफ्योर्ड नावाचा समुद्राचा एक खोल, अरुंद फाटा आहे. त्या पाण्यात काँक्रीटचा एक अवाढव्य पाया हळूहळू खाली उतरवला जात होता. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रासाठी बांधलेल्या ‘स्लाइप्नर ए’ या फलाटाचा तो तळ होता. चोवीस पोकळ दंडगोल एकमेकांना जोडून तो उभा केलेला होता. त्यातले चार उंच वाढवून फलाटाचे खांब केले होते. पुढे त्याला ८२ मीटर खोल समुद्रात उभं राहायचं होतं. त्याआधी त्याला पाण्यात खोलवर उतरवून पाहण्याची चाचणी चालू होती.

पाया सुमारे ६५ मीटर खोलीवर गेला आणि आतून मोठा आवाज आला. एक भिंत फुटली होती. पाणी इतक्या वेगाने आत शिरलं की पंप पुरे पडेनात. माणसं वेळेत बाहेर पडली, कुणाचाही जीव गेला नाही. पाया मात्र तळाकडे गेला, वाटेत पाण्याच्या दाबाने चिरडला गेला आणि समुद्रतळावर आदळला. त्या आदळण्याची नोंद भूकंपमापकांवर सुमारे ३ रिश्टर इतकी झाली. एकूण नुकसान ७० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

चौकशीत कारण सापडलं ते एका जाळीत. तीन दंडगोल जिथे एकमेकांना भिडतात तिथे मधे त्रिकोणी पोकळी राहते. तिच्यात समुद्राचं पाणी असतं आणि ते भोवतीच्या भिंतींवर आतून दाब टाकतं. या भिंतींवर किती ताण येईल, हे संगणकावर ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीने काढलं होतं. पण नेमक्या याच जागी गणिताची जाळी जाड आणि वेडीवाकडी होती. त्यामुळे भिंतीला कातरणारं बल खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी दिसलं. त्या आकड्यावर विसंबून भिंत बारीक ठेवली गेली. तिथल्या सळ्यांची पकडही अपुरी होती. अपघातानंतर तेच गणित बारकाईने पुन्हा केलं, तेव्हा उत्तर आलं की भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. ती प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली होती.

पद्धत बरोबर होती आणि यंत्रानेही बेरीज-वजाबाकी चुकवली नव्हती. जाळी जिथे बारीक हवी होती तिथेच ती जाड होती आणि ‘इथे माझा भरवसा धरू नका’ असं सांगणारं कुणी नव्हतं. या प्रकरणात आपण अशा एका सॉफ्टवेअरची गोष्ट पाहणार आहोत, जे गेली पंचवीस वर्षं हेच सांगायला शिकत आलं आहे. त्यात वेळोवेळी नव्या सोयी आल्या. त्या का आल्या आणि त्यांनी कोणती अडचण दूर केली, हे पाहिलं की आजचे पूल, इंजिनं आणि पृथ्वीच्या पोटाची गणितं कशी होतात याचा बराच उलगडा होतो.

तुकडा निम्मा, चूक चौथाई

आधी पद्धत समजून घेऊ. त्यासाठी शाळेतलं वर्तुळ पुरेल.

व्यास १ असलेल्या वर्तुळात सहा समान बाजूंचा षट्कोन बसवला, तर त्याची परिमिती नेमकी ३ येते. बाजू दुप्पट करून बारा केल्या की ३.१०५८ मिळतात. चोवीस बाजूंना ३.१३२६, अठ्ठेचाळीसला ३.१३९४ आणि शहाण्णवला ३.१४१०. आर्किमिडीज शहाण्णव बाजूंपर्यंत गेला होता. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तिच्यात त्यांनी हीच वाट ३८४ बाजूंपर्यंत नेली आणि भास्कराचार्यांनी दिलेलं ३९२७ भागिले १२५० हे गुणोत्तर कुठून येतं ते उलगडून दाखवलं.

आता उत्तरांऐवजी चुकांकडे पाहा. पायचं खरं मूल्य ३.१४१५९… आहे. षट्कोनाची चूक ०.१४१६. मग ०.०३५८, मग ०.००९०, मग ०.००२२. दर पायरीला बाजूची लांबी साधारण निम्मी होते आणि चूक जवळजवळ चौथाईवर येते. तुकडा निम्मा, चूक चौथाई. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा भेटेल.

फायनाइट एलिमेंट पद्धत हीच युक्ती पुलावर, पिस्टनवर किंवा हाडावर वापरते. पुलाच्या प्रत्येक बिंदूला तो किती वाकला, हा एक प्रश्न असतो आणि बिंदू तर अनंत. म्हणून पुलाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे. अभियंते त्यांना एलिमेंट म्हणतात, आपण खण म्हणू. खणांचे कोपरे म्हणजे नोड आणि सगळ्यांची मिळून झालेली रचना म्हणजे मेश, अर्थात जाळी. प्रत्येक खणात उत्तर साधं, बहुधा सरळ रेषेसारखं बदलतं असं धरायचं. मग अनंत प्रश्नांच्या जागी नोडांवरची काही हजार किंवा काही कोटी अज्ञात मूल्यं उरतात. त्यांची समीकरणं मांडून ती संगणकाकडून सोडवून घ्यायची.

रिचर्ड कूरांट यांनी १९४३ च्या एका शोधनिबंधात त्रिकोणी तुकड्यांनी असं गणित करून दाखवलं. विमानांचे पंख किती वाकतात हे शोधणाऱ्या टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये ही पद्धत अभियंत्यांच्या हाती दिली. तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं.

भरलेलं स्वयंपाकघर

पुण्यात मोटारींचे सुटे भाग तपासणारे अभियंते रोज ही पद्धत वापरतात. त्यांच्याकडे बहुतेक वेळा विकतची तयार पॅकेजं असतात. खानावळीत जसं ताट वाढून मिळतं, तसं तिथे ठरावीक प्रश्नाचं उत्तर मिळतं. पण एखाद्या संशोधकाचं समीकरणच नवं असेल, कुठल्याही यादीत नसेल, तर त्याला स्वतःच रांधावं लागतं. त्याला ताट नको असतं. भांडी, चूल आणि मसाल्याचा डबा यांनी भरलेलं स्वयंपाकघर हवं असतं. प्रोग्रॅमरांच्या भाषेत अशा सामग्रीला लायब्ररी म्हणतात. जाळी आखणं, नोडांना क्रमांक देणं, समीकरणं जोडणं, ती सोडवणं, ही कामं लायब्ररी करते. कोणतं समीकरण सोडवायचं, ते वापरणारा ठरवतो.

जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या अखेरीस वोल्फगांग बांगर्थ, राल्फ हार्टमान आणि गिडो कान्शाट यांनी ‘डील टू’ नावाची अशी लायब्ररी लिहायला घेतली. तिथेच आधी तयार झालेल्या ‘डील’ नावाच्या लायब्ररीची ही पुढची पिढी, म्हणून नावात दोनचा आकडा. २००० साली ती सर्वांसाठी खुली झाली. २००७ मध्ये या तिघांना संख्यात्मक सॉफ्टवेअरसाठीचं विल्किन्सन पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक चार वर्षांतून एकदा दिलं जातं. फेनिक्स, एमफेम, लिबमेश, फ्रीफेम अशा आणखीही चांगल्या लायब्रऱ्या जगात आहेत. आपण डील टू निवडली, कारण तिच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर काय नवं आलं याचा नीट लिहिलेला हिशेब प्रसिद्ध होतो आणि त्यातून या क्षेत्राची वाटचाल स्पष्ट दिसते.

तिची एक मूळ खुबी आधी सांगायला हवी. सी प्लस प्लस भाषेतल्या ‘टेम्प्लेट’ या सोयीमुळे तिच्यात मिती हा एक बदलता आकडा ठेवता येतो. उष्णता कशी पसरते याचा प्रोग्रॅम एकदा लिहायचा. मितीच्या जागी २ लिहिले की तो पत्र्यावर चालतो, ३ लिहिले की ठोकळ्यावर. पत्र्यावर काही सेकंदांत चूक शोधायची आणि मग तोच प्रोग्रॅम ठोकळ्यावर रात्रभर चालवायचा, ही संशोधकांची आवडती रीत यामुळेच शक्य झाली.

चूक कुठे आहे हे सांगणारं गणित

जाळी बारीक केली की उत्तर सुधारतं, मग सगळीकडेच बारीक का करू नये? हिशेब करून पाहा. एका घनाच्या प्रत्येक कडेवर १०० खण असतील तर एकूण खण १० लाख. कडेवरचे खण निम्म्या आकाराचे केले की ८० लाख, पुन्हा निम्मे केले की ६ कोटी ४० लाख. तीन मितींत चूक चौथाईवर आणायची किंमत आठपट असते.

पृथ्वीच्या पोटातलं उदाहरण तर आणखी मोठं आहे. कवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचं प्रावरण आहे. तिथला घट्ट खडक लाखो-कोट्यवधी वर्षांच्या मापाने हळूहळू वाहतो. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून झाला, त्याची उष्णताही याच प्रावरणातून आली. प्रावरणाचं घनफळ साधारण ९० हजार कोटी घन किलोमीटर. १० किलोमीटर बाजूचे खण पाडले तर ९० कोटी खण होतात आणि प्रत्येक खणात तापमान, दाब, वेगाच्या तीन दिशा अशी अनेक अज्ञातं असतात. गंमत अशी की तापमान झपाट्याने बदलतं ते वरच्या-खालच्या पातळ थरांत आणि वर चढणाऱ्या गरम खडकाच्या स्तंभांत. बाकीचा अफाट भाग शांत असतो. तिथे खण मोठे ठेवले तरी काही बिघडत नाही.

म्हणून डील टूच्या मुळाशीच एक विचार होता. जाळी कुठे बारीक करायची हे माणसाने आधी ठरवू नये, गणिताने स्वतः सांगावं. ते कसं सांगणार? डोंगराच्या उतारावर लाकडी फळ्या टेकवून त्याचा आकार दाखवायचा आहे असं समजा. दोन शेजारच्या फळ्या जवळपास एका रेषेत आल्या तर तिथला उतार सरळ आहे. दोन फळ्यांच्या सांध्यावर एकदम मोड आला तर तिथे डोंगर वळलेला आहे आणि फळ्या मोठ्या पडल्या आहेत. खणांच्या सांध्यावरचा हा मोड मोजून चूक किती आहे याचा अंदाज घेण्याची रीत १९८३ मध्ये केली, गागो, झिएन्कीविच आणि बाबुश्का यांनी मांडली. डील टूमध्ये ती केली यांच्याच नावाने आहे.

मग चार पायऱ्यांचं चक्र सुरू होतं. सोडवा, चूक किती याचा अंदाज घ्या, खुणा करा, बारीक करा. डील टूच्या शिकवणीच्या सहाव्या प्रोग्रॅममध्ये दर फेरीला सर्वाधिक चूक असलेले ३० टक्के खण फोडले जातात आणि सर्वांत कमी चूक असलेले ३ टक्के पुन्हा एकत्र केले जातात. चौकोन फुटला की त्याचे चार होतात, ठोकळा फुटला की आठ.

यात एक अडचण येते. एक खण फुटला आणि शेजारचा फुटला नाही, तर फुटलेल्याच्या कडेच्या मधोमध एक नवा नोड येतो, पण शेजारच्याला तो ठाऊकच नसतो. याला लोंबता नोड म्हणतात. त्याला मोकळं सोडलं तर दोन खणांमधे उत्तराला भेग पडेल. म्हणून लायब्ररी त्याच्यावर अट घालते. साध्या खणांत त्याचं मूल्य कडेच्या दोन टोकांच्या सरासरीइतकंच राहील. अशा लाखो अटी लायब्ररी स्वतः सांभाळते. वापरणाऱ्याला त्या लिहाव्या लागत नाहीत आणि त्याच्या हातून त्या चुकतही नाहीत.

गोल ते गोल राहावं

आता पुन्हा वर्तुळातल्या षट्कोनाकडे जाऊ. त्याच्या प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू घेतला आणि तिथे नवा कोपरा धरला, तर बारा बाजू होतील का? कागदावर होतील, पण आकार षट्कोनाचाच राहील, कारण नवा बिंदू जुन्या सरळ बाजूवरच पडला. परिमिती ३ ची ३. हजार वेळा बारीक केलं तरी ३. नवा बिंदू कमानीवर ढकलला तरच उत्तर सुधारतं.

जाळी बारीक करताना हीच चूक सहज होते. गोल पाइप, पृथ्वीचा गोल, टर्बाइनचं वळणदार पातं, या सगळ्यांत नवे नोड सरळ मध्यावर टाकले तर संगणक चुकीच्या आकाराचं फार अचूक उत्तर देतो. यावर डील टूमध्ये ‘मॅनिफोल्ड’ ही कल्पना आली. जाळीच्या प्रत्येक भागाला तो कोणत्या वळणाचा आहे हे सांगून ठेवायचं. खण फुटला की लायब्ररी त्या वळणाला विचारते, ‘मधला बिंदू कुठे?’ २०१८ च्या ९.० आवृत्तीत वक्र आकारांचा हा आधार बराच पक्का झाला. केवळ कडेलाच नव्हे, आतल्या खणांनाही वळण मिळू लागलं. ऐकायला ही लहानशी सोय वाटते. पण तिच्यावाचून ‘तुकडा निम्मा, चूक चौथाई’ हा नियमच मोडतो.

एका दोऱ्यात ओवलेले खण

कोट्यवधी खणांचं गणित एका यंत्रात मावत नाही. ते हजारो प्रोसेसरांवर वाटावं लागतं. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक प्रोसेसरला पूर्ण जाळी आपल्याजवळ ठेवावी लागे. काम वाटलं जाई, पण जाळीचं ओझं वाटलं जात नसे. गावातल्या प्रत्येक पोस्टमनला वाटायची पत्रं थोडी, पण खांद्यावर अख्ख्या तालुक्याची पत्त्यांची वही, तसंच हे. जाळी मोठी झाली की प्रत्येकाची स्मृती तिनेच भरून जाई.

२०११ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीने ही अडचण सोडवली. त्यासाठी ‘पी फोर एस्ट’ नावाच्या दुसऱ्या एका लायब्ररीची मदत घेतली गेली. तिची युक्ती सुरेख आहे. फुटत गेलेले खण एका ठरावीक, झेड अक्षरासारख्या वाटेने एका दोऱ्यात ओवायचे. गजऱ्यात फुलं ओवतो तसे. मग हा लांब दोरा सारख्या तुकड्यांत कापायचा आणि एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला द्यायचा. दोऱ्यावर जवळ असलेले खण जागेतही बहुतेक जवळच असतात, त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलणं कमी लागतं. कुठे जाळी बारीक झाली, म्हणजे त्या जागी गजरा दाट झाला, तरी नुसत्या कापण्याच्या खुणा सरकवल्या की काम पुन्हा समान वाटलं जातं. प्रत्येक प्रोसेसर आपला तुकडा आणि लगतचे शेजारी एवढंच सांभाळतो. बांगर्थ, बुर्स्टेडे, हाइस्टर आणि क्रोनबिख्लर यांनी त्याच वर्षी १६,३८४ प्रोसेसरांपर्यंत हे चालवून दाखवलं. पुढच्या वर्षी या पायावर उभा केलेला ‘अ‍ॅस्पेक्ट’ हा प्रावरणाच्या प्रवाहांचा प्रोग्रॅम जाहीर झाला. तो आज अनेक देशांतले भूशास्त्रज्ञ वापरतात.

साठवण्यापेक्षा पुन्हा मोजलेलं बरं

पूर्वी संगणकाला गुणाकार महाग पडायचा, म्हणून एकदा काढलेलं साठवून ठेवणं शहाणपणाचं होतं. आज नेमकं उलटं आहे. प्रोसेसर गुणाकार झटपट करतो, पण आकडा स्मृतीतून उचलून आणायला त्याला थांबावं लागतं. समीकरणांचा भला मोठा तक्ता, म्हणजे मेट्रिक्स, साठवून तो पुन्हा पुन्हा वाचत बसण्यात सगळा वेळ जातो.

२०१२ साली मार्टिन क्रोनबिख्लर आणि काथारिना कोरमान यांनी डील टूमध्ये मेट्रिक्स न साठवता चालणारी रीत आणली. तिच्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, एका ठोकळ्यात प्रत्येक दिशेला पाच अशी १२५ अज्ञातं आहेत आणि त्यांवरून आतल्या १२५ जागांवरची मूल्यं काढायची आहेत. सरळ काढली तर १२५ गुणिले १२५, म्हणजे १५,६२५ गुणाकार. पण ठोकळ्याला तीन स्वतंत्र दिशा आहेत. आधी सगळं लांबीच्या दिशेने काढा, मग रुंदीच्या, मग उंचीच्या. दर दिशेला १२५ मूल्यं आणि प्रत्येकाला पाच गुणाकार, म्हणजे ६२५. तीन दिशांचे मिळून १,८७५. काम आठव्या हिश्श्याजवळ आलं आणि साठवायचा तक्ताही उरला नाही. खणातलं उत्तर जितकं जास्त वळणदार धरावं तितका हा फायदा वाढत जातो.

त्रिकोणांना दार उघडलं

दिशा अशा सुट्या करता येतात त्या चौकोनात आणि ठोकळ्यात. म्हणूनच डील टूने वीस वर्षं फक्त चौकोनी आणि ठोकळ्यासारखे खण मानले. पण इंजिनाच्या ओतीव भागाला फासळ्या, भोकं, कंगोरे असतात. असा आकार नीटस ठोकळ्यांनी आपोआप भरून काढणारी सर्वसाधारण रीत अजून कुणाला सापडलेली नाही. चार त्रिकोणी बाजूंच्या चतुष्फलकांनी मात्र तो यंत्राकडून भरून घेता येतो. परिणामी कारखान्यात तयार झालेली जाळी या लायब्ररीच्या दारातूनच परत जाई.

२०२१ च्या ९.३ आवृत्तीत त्रिकोण, चतुष्फलक, पाचर आणि पिरॅमिड या आकारांना प्रायोगिक प्रवेश मिळाला. हा बदल वरवरचा नव्हता. एका खणाला कोपरे किती? सपाट जाळीत चार, घन जाळीत आठ, हे उत्तर वीस वर्षांच्या कोडमध्ये ठिकठिकाणी गृहीत धरलेलं होतं. आता प्रत्येक ठिकाणी ते गृहीत न धरता त्या त्या खणालाच विचारावं लागणार होतं. जुन्या वाड्याच्या सगळ्या भिंती उभ्या ठेवून पाया बदलावा, तसं हे काम. आणि ते करताना वाड्यात राहणाऱ्या कुणालाही बाहेर काढायचं नव्हतं, कारण जगभरचे संशोधन-प्रोग्रॅम याच कोडवर चालू होते.

आणखी एक सोय थोडक्यात सांगतो. रबर, स्नायू, तापलेला धातू यांची समीकरणं सरळ नसतात. ती सोडवताना अवघड सूत्रांचे अवकलज काढावे लागतात. हाताने काढले तर कागदाची पानं भरतात आणि एक उणे चिन्ह सुटलं की आठवडे वाया जातात. ९.० आवृत्तीपासून संगणकाकडून अवकलज आपोआप काढून घेण्याची सोय लायब्ररीत आली. संशोधकाने फक्त ऊर्जेचं सूत्र लिहायचं. पुढचं यंत्र करतं, आणि न चुकता करतं.

उत्तर आधी, प्रश्न नंतर

नवी सोय आली की मनात पहिली शंका हीच यायला हवी की तिने जुनं काही बिघडवलं तर नाही ना? आणि तिचं स्वतःचं उत्तर बरोबर आहे हे कशावरून?

दुसऱ्या शंकेचं उत्तर अंकगणिताच्या जुन्या मास्तरांना ठाऊक होतं. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं गणित घालायचं. इथेही तसंच करतात. आधी एक उत्तर मनाने ठरवायचं, मग ते ज्याचं उत्तर ठरेल असा प्रश्न तयार करायचा आणि तो प्रोग्रॅमला सोडवायला द्यायचा. आलेलं उत्तर ठरवलेल्या उत्तराच्या जवळ असणं पुरेसं नाही. जाळी निम्मी केल्यावर चूक चौथाईवर आली पाहिजे. ती निम्म्यावरच अडली, तर कुठेतरी कोडमध्ये दोष आहे. एखाद्या कोपऱ्यातली अट राहिली असेल, एखादा नोड कमानीऐवजी सरळ बाजूवर पडला असेल. उत्तर ‘दिसायला ठीक’ असतानाही हा नियम दोष उघडा पाडतो.

पहिल्या शंकेसाठी डील टूजवळ दहा हजारांहून अधिक छोट्या चाचण्या आहेत. प्रत्येक चाचणी एक लहानसं काम करून पाहते आणि आलेलं उत्तर जपून ठेवलेल्या उत्तराशी ताडते. कुणी कोडमध्ये बदल सुचवला की दुसरं कुणीतरी तो वाचून पाहतं, चाचण्या चालतात आणि मगच तो आत घेतला जातो. काढून टाकायच्या जुन्या सोयीही एका दिवसात काढत नाहीत. आधी ‘ही जाणार आहे’ अशी सूचना येते, वापरणाऱ्यांना बदलायला वेळ मिळतो, मग पुढच्या एखाद्या आवृत्तीत ती जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे शिकवणी. लायब्ररीबरोबर ऐंशीहून अधिक प्रोग्रॅम धडे म्हणून दिलेले आहेत. पहिल्या धड्यात समीकरणच नाही. एक चौकोन आणि एक कडं घेऊन त्यांची जाळी आखायची आणि कड्याच्या आतल्या काठाजवळ ती बारीक करत न्यायची, एवढंच. तिसऱ्या धड्यात पहिलं समीकरण येतं, सहाव्यात जाळी स्वतः बारीक होऊ लागते. मोठी नवी सोय आली की बहुधा तिचा धडाही येतो. ज्या सोयीचा धडा नाही ती सोय लिहिणाऱ्यापुरतीच राहते, हे या मंडळींनी फार लवकर ओळखलं. मला त्यांच्या कामातली ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. हे सगळं मुक्त स्रोत आहे, त्यामुळे गडचिरोलीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही ते हायडेलबर्गच्या प्राध्यापकाइतकंच मोकळं आहे.

या सगळ्या सोयी एका ओळीत मांडल्या की त्यांचं नातं दिसतं. चूक किती याचा अंदाज घेणारी सोय जाळी कुठे जाड आहे ते सांगते. वळण सांभाळणारी सोय आकार खरा ठेवते. दोऱ्यात ओवणारी सोय आणि मेट्रिक्स न साठवणारी सोय बारीक जाळी परवडेल अशी करतात. त्रिकोणांचं दार कारखान्यातले आकार आत आणतं आणि चाचण्या या सगळ्यावर पहारा देतात. वेग वाढला हे खरं, पण वेगाचा खरा उपयोग आणखी एक फेरी बारीक करून उत्तर तपासता यावं यासाठी आहे.

तुम्ही विद्यार्थी असाल, कारखान्यात डिझाइन तपासत असाल किंवा कुणी तुमच्यापुढे ताणाचा रंगीत नकाशा ठेवून ‘संगणकाने काढलंय’ म्हणत असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा. जाळी निम्मी केल्यावर उत्तर किती बदललं? दोन जाळ्यांवरची उत्तरं शेजारी ठेवायला एखादी रात्र जास्त लागेल, पण ती लागू द्या. एकाच जाळीवरच्या उत्तरावर भिंतीची जाडी कधीही ठरवू नका.